बंद ठेवलेला समुद्र

७ मे

आग्नेयेचा वारा सुरू झाला. आता ऑगस्टपर्यंत चहात वाळू, अंथरुणात वाळू, दातांत वाळू.

मर्टल आली होती. माझी नणंद. नवरा जाऊन इतकी वर्षं झाली तरी ही बया सुटलेली नाही. फाटकातूनच ओरडली, "थेल्मा, जिवंत आहेस का? परवा बैठक आहे. आंघोळ करून ये."

"आधी तू कर. वाऱ्याबरोबर वास आला, तेव्हाच कळलं तू येतेयस."

खूश झाली. बसली, चहा प्यायली, माझी बिस्किटं संपवली. म्हणाली, या वेळी किनाऱ्यावरचे सगळे एकत्र बसणार आहेत, नदीच्या तोंडापासून पार वाळूच्या बेटापर्यंतचे. खाणीची मोठी जहाजं कुठे उभी करायची ते सरकारला ठरवायचंय आणि आम्हाला विचारायला माणसं येणार आहेत. मागच्या वेळी त्यांनी प्रत्येकाला वेगळं गाठलं होतं. मर्टलच्या लोकांना सांगितलं डिनी म्हाताऱ्याची माणसं तयार आहेत, डिनीला सांगितलं मर्टलची तयार आहेत. दोघंही वर्षभर एकमेकांकडे न बघता दुकानात जात होती. आता सगळ्यांनी मिळून एकच शब्द द्यायचा. "एक तोंड," मर्टल म्हणाली. मी म्हटलं, "ते तुझं नसलं म्हणजे झालं."

ती गेल्यावर किनाऱ्यावर गेले. माझ्या भाच्यानं, रेक्सनं रोवलेल्या काठ्या वाकल्यात, लाल फडकं उडून उडून गुलाबी झालंय. ताई गेली त्या दिवशी त्यानं त्या रोवल्या. तेव्हापासून आमचा समुद्र बंद. त्यात जाळं नाही, गळ नाही, होडी नाही. नावही बंद. आजोबांनी ताईला आमच्या प्रवाळ-खडकाचंच नाव दिलं होतं, त्यामुळे गेलेल्या माणसाचं म्हणून तिचं घेता येत नाही तसं खडकाचंही नाही. इथेही लिहीत नाही.

९ मे

बैठक शाळेच्या शेडमध्ये झाली. मी तिथे इतकी वर्षं मुलांना वाचायला शिकवलं, पण त्या शेडमध्ये एवढी माणसं कधी पाहिली नव्हती. वाळूच्या बेटावरचे लोक होडीतून आले, येताना चिंबोऱ्यांची पोती घेऊन. भिंतीवर मोठा कोरा कागद लावला होता. ब्रिजिट नावाची गोरी मुलगी आहे, किनाऱ्यावरच्या आमच्या मंडळानं तिला लिहायच्या कामाला ठेवलंय. चांगली आहे, घाईची आहे.

ठरलं असं की शब्द द्यायचा म्हणजे आधी नावं द्यायची. जो तो आपापल्या समुद्राची नावं घेणार, किनाऱ्याकिनाऱ्यानं, एकाची संपली की पुढच्यानं उचलायची. मध्ये तुटता कामा नये. डिनी उभा राहिला. काठी टेकून, डोळे मिटून, नदीच्या तोंडापासून सुरुवात केली. खाडी, वाळूचा दांडा, कासवं अंडी घालतात ती पुळण, कालवांचे खडक. फार सुंदर घेतो तो नावं, जणू त्या त्या ठिकाणी उभा आहे. आमच्या समुद्राच्या काठापर्यंत आला आणि थांबला.

सगळे आपापल्या मगात बघायला लागले.

"आणि पुढे?" ब्रिजिटनं विचारलं.

"पुढे चहा," डिनी म्हणाला आणि खाली बसला.

हशा झाला. मीही हसले. आमच्या पुढचा समुद्र मर्टलचा, पण तीही उठली नाही. बंद समुद्रावरून उडी मारून पुढची नावं कशी घेणार? चिंबोऱ्या खाऊन सगळे आपापल्या घरी गेले. ब्रिजिटला वाटलं म्हातारा दमला.

१० मे

जाळं शिवलं. शिवून झाल्यावर मनात आलं, टाकायचं कुठे? मर्टलच्या समुद्रात टाकते ती म्हणेल तेव्हा. दुसऱ्याच्या पाण्यात मासा पकडताना हात जड होतो.

२१ मे

रेक्स आला होता. ताईचा मुलगा. खाणवाल्यांच्या बार्जवर, त्या सपाट मालबोटीवर, नोकरीला लागलाय, नारिंगी शर्ट घालून फिरतो. समोरच्या चिंचेखाली येऊन बसला. फाटकापाशी आला नाही, हाक मारली नाही. मी कपडे वाळत घालत होते. माझं संपलं तरी तो तिथेच. लाज वाटत असेल. वाटायलाच हवी. आईच्या माहेरच्या समुद्राचा राखणदार हा, आणि पगार कोणाचा घेतो?

ऊन कलल्यावर उठला, फाटकाजवळच्या पिंपावर एक सुरमई ठेवली आणि गेला. आमच्या समुद्रातली नसणार, तेवढं तरी पाळत असेल. मी ती कुत्र्यांना घातली. नंतर वाटलं, ताजी होती.

२९ मे

आठवड्यातून एकदा बार्ज जाते ती आमच्या खडकाच्या बाहेरच्या अंगानं. दुपारी मुद्दाम किनाऱ्यावर जाऊन बघितलं. कठड्याला एक नारिंगी ठिपका उभा होता, आमच्या बाजूला तोंड करून, पार दिसेनासा होईपर्यंत. कामाच्या वेळी उभं राहून मजा बघायचे पैसे मिळतात वाटतं.

५ जून

आज फार वाईट झालं.

पुन्हा बैठक होती. डिनीनं नावं घेतली, काठापर्यंत आला, थांबला. सरकारची माणसं जुलैच्या सुरुवातीला येणार, म्हणून ब्रिजिट टेकीला आलेली. ती म्हणाली, हरकत नाही, माझ्याकडे जुना नकाशा आहे, मिशनच्या काळातला, त्यावर पुढचं नाव आहे. आणि तिनं ते मोठ्यानं वाचलं.

 मग वाळूच्या बेटावरच्या बायकांपैकी एकीनं हुंदका दिला. डिनी उठला, टोपी घातली आणि बाहेर पडला. त्याच्यामागे सगळे. खुर्च्या सरकवल्याचे आवाज तेवढे झाले. कोणी तिला रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं तिला.

मी शेवटी उठले. 

६ जून

ब्रिजिट आली, डोळे सुजलेले. म्हणाली, "मला कोणी सांगितलंच नाही." खरं आहे. सांगायला नाव घ्यावं लागतं. तिला चहा दिला, राखेत भाजलेला पाव दिला. पाठीवर हात फिरवला. तिनं विचारलं, "आता हे नाव परत कधी घेता येणार?" मी म्हटलं, "राखणदार काठ्या काढेल तेव्हा." "मग राखणदाराला सांगूया ना," ती म्हणाली. मी म्हटलं, राखणदाराला सांगायचं नसतं. त्याला कळतं.

हे इथे लिहून ठेवते, दुसऱ्या कोणाला सांगायचं नाही. तिनं ते नाव वाचलं तेव्हा अंगावर काटा आला, राग आला, आणि त्याच क्षणी वाटलं, ही परत एकदा वाचेल का. मिशनच्या माणसानं लिहिलेलं, गोऱ्या जिभेनं वाकडंतिकडं केलेलं, तरी तेच होतं. किती दिवसांनी कानावर पडलं.

१४ जून

कोणी आलं नाही. दोन माणसांचा पाव भाजते अजून. कुत्री जाड झाली आहेत.

१९ जून

रेक्स परत. चिंचेखाली. धुवायला काही नव्हतं, म्हणून खिडक्यांचे पडदे काढून धुतले. ते वाळत घालेपर्यंत तो होता. या वेळी कालवं ठेवून गेला, ओल्या पोत्यात गुंडाळून. कालवं कुत्री खात नाहीत, म्हणून मी खाल्ली.

वाळला आहे पोरगा. खानावळीत काय देत असतील देव जाणे.

२० जून

मर्टल आली. बसायच्या आधीच पडद्यांकडे बघत म्हणाली, "काल चिंचेखाली कोणी बसलं होतं म्हणे."

"असेल. झाड माझं थोडंच आहे."

"आणि तू काय करत होतीस?"

"पडदे धूत होते."

"मागच्या वेळी?"

"कपडे."

"बरं. छप्पर कधी धुणार आहेस?"

"तुला काय बोलायचंय ते नीट बोल."

"मी पडद्यांबद्दल बोलतेय. नणंदेनं भावजयीच्या पडद्यांबद्दल बोलायचं नाही तर कशाबद्दल बोलायचं?" मग बिस्किट बुडवत, माझ्याकडे न बघता: "डिनीला रोज धाप लागते. डॉक्टर त्याला शहरात न्यायचं म्हणतोय. तो म्हणतो, नावं देऊन झाली की नेतील तिकडे नेऊ देत. पण अर्धी नावं देऊन जाणार नाही."

"माझ्यामुळे अडलंय का?"

"कोण म्हणालं तसं? तुझ्या घरातली साखर संपलीय, तेवढं मी म्हणते."

ती गेल्यावर रागावून बसले. लोकांना काय, समुद्र उघडून कासवाचं मटण खायची घाई. काठ्या काढणं माझ्या हातात आहे का? राखणदार येऊन सांगतो. बाबा गेले तेव्हा रेक्सच्या आधीचा राखणदार, आमचा आतेभाऊ, आला आणि काठ्या निघाल्या. काका गेले तेव्हाही तसंच. मी आत स्वयंपाक करत होते, पण मला आठवतंय.

२३ जून

ब्रिजिट सांगून गेली. सरकारच्या माणसांनी आधी नकाशा पाठवलाय. जहाजं उभी करायची जागा त्यांनी आखलीय. डिनीच्या समुद्राला हात नाही, मर्टलच्या नाही. बरोबर मध्ये, जिथून कोणाचं काहीच ऐकू आलं नाही, तिथे.

ती म्हणाली, "थेल्मा, तुम्ही मालक आहात, तुम्हीच सरळ बोला ना. कायद्यानं चालतं."

त्यांच्या कायद्यानं चालतं. राखणदार शेजारी बसलेला नसताना मालकानं बोलायचं म्हणजे काय, ते तिला कसं समजावू? चुकले तर मला थांबवणार कोण? बरोबर बोलले तर हो म्हणणार कोण? असं बोलणं म्हणजे नुसता आवाज.

दुपारभर ओहोटी होती. खडकाची पाठ वर आलेली लांबून दिसते. तिच्यावर नांगराची साखळी फरफटताना डोळ्यांपुढे आली आणि उठून घरात आले.

२८ जून

आज तो आला तेव्हा माझ्याकडे धुवायला खरंच काही उरलं नव्हतं. चहाचे दोन मग घेतले आणि चिंचेखाली गेले. समोरासमोर नाही बसले. दोघं समुद्राकडे तोंड करून बसलो.

रेक्सनं मगातली वाळू बोटानं काढली.

"पडदे छान निघालेत," रेक्स म्हणाला.

अगदी ताईसारखा बोलला. मला हसू आलं आणि हसू आलं म्हणून दचकले.

"तू बार्जवर गेलास," मी म्हटलं.

"गेलो."

"खाणवाल्यांच्या."

"मावशी, बंद समुद्रात मलाही होडी घालता येत नाही. बार्ज बाहेरून जाते. तिच्यावरून खडक दिसतो. कोणाची बोट उभी आहे, कोणी जाळं टाकलंय का, गवत कुठे उपटलंय. राखणदारानं काय करायचं मग? घरी बसून टीव्ही बघायचा?"

"मला बोलला नाहीस."

"बोलायलाच येत होतो. तू कामात होतीस."

चहा गार झाला. मी विचारलं, "काठ्या कधी काढणार?"

तो माझ्याकडे बघायला लागला. अशा वेळी बघत नाहीत, पण बघितलं त्यानं. "तू सांगशील तेव्हा."

"मी? राखणदार येऊन सांगतो."

"राखणदार येऊन बसतो, मावशी. सांगतं घर. घरातली मोठी बाई. आजोबांच्या वेळी, चुलत आजोबांच्या वेळी आईच बाहेर येऊन सांगायची. तू आत असायचीस. स्वयंपाकघरात."

मला ठाऊक नव्हतं. ती अशी झग्याला हात पुसत बाहेर जायची, झाडाखाली काहीतरी बोलायची आणि आत येऊन म्हणायची, "पाव जळतोय, लक्ष कुठे आहे तुझं?" तिथे ती शब्द देऊन यायची, हे मला आज कळतंय. मी कायम धाकटी. घरात आता मोठी मीच आहे, हे मला कोणी येऊन सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कोण होतं?

"तू विचारायचंस तरी," मी म्हटलं.

"विचारायचं नसतं." मग गार चहा ओतून देत: "आणि मलाही घाई नव्हती. ती माझी आई होती. काठ्या आहेत तोवर नुकतीच गेल्यासारखी वाटते."

मी त्याच्याकडे बघितलं नाही. मलाही तसंच वाटतं, हे बोलले नाही. मग म्हटलं, "काढ."

"नक्की?"

"काढ म्हटलं ना. आणि जेवून जा. हाडं दिसतायत."

१ जुलै

काठ्या निघाल्या. सगळे आले होते, वाळूच्या बेटावरचेसुद्धा. हिरव्या पाल्याचा धूर केला, तो पाण्यावरून जाऊ दिला. रेक्स कमरेइतक्या पाण्यात गेला आणि त्यानं नाव घेतलं, पहिल्यांदा त्यानंच घ्यायचं असतं. आवाज फुटला त्याचा. बायका रडल्या. मर्टल सगळ्यांत मोठ्यानं, मी जिवंत असून माझ्याच मयताला आल्यासारखी.

माझ्या डोळ्यांतून एक थेंब आला नाही. फडकं घडी करून घरी आणलं. काठ्यांच्या जागी खळगे राहिलेत. भरती आली की बुजतील.

४ जुलै

सरकारची माणसं आली. तिघं, इस्त्रीचे शर्ट, पावसाळी बूट, इथल्या ऐन कोरड्या दिवसांत. डिनीनं नळी लावलेली ऑक्सिजनची टाकी शेजारी ठेवून नावं घेतली. खोकला येत होता, पण एकही सुटलं नाही. काठापर्यंत आला आणि काठीनं माझ्याकडे दाखवलं.

रेक्स माझ्या शेजारी बसला होता, बार्जवरून रजा काढून. नारिंगी शर्टातच, दुसरा धुतलेला नव्हता म्हणे. साहेबानं त्याच्याकडे बघून विचारलं, "या भागाच्या वतीनं तुम्ही बोलणार?"

"नाही. ही बोलेल. ही चुकते का ते बघायला मी बसलोय."

"चुकल्या तर?"

"तर मी घरी जाऊन मार खाईन," रेक्स म्हणाला. शेड हसली. तेवढ्यात मला श्वास घेता आला.

रात्रभर मी मोठमोठी वाक्यं जुळवली होती. एकही आठवलं नाही. उभी राहिले आणि आमची नावं घेतली, काठापासून मर्टलच्या समुद्रापर्यंत, मधल्या खडकासकट.  मग एवढंच म्हटलं: तुम्ही जिथे नांगर टाकणार म्हणता तिथे समुद्रगवत आहे. डुगाँग, म्हणजे समुद्रगाई, तिथे पिल्लं घेऊन येतात. आमची माणसं मेली की आम्ही तो समुद्र मिटून ठेवतो, म्हणून तुम्हाला तिथून आवाज आला नाही. गप्प होता, रिकामा नव्हता.

थांबले. आता रेक्सनं बोलायचं. तो जमिनीकडे बघत होता. इतका वेळ बघत राहिला की मला वाटलं चुकले, काहीतरी राहिलं. 

"बरोबर," तो म्हणाला.

मर्टल तेवढ्यात उभीसुद्धा राहिली आणि तिनं माझ्या शेवटच्या नावापासून उचललं. मग बेटावरच्यांनी. टोकाला पोचलं तेव्हा ब्रिजिटचा कागद भिंतीवरून खाली जमिनीपर्यंत आला होता.

साहेब म्हणाला, प्रत्येक गटाशी आम्ही नंतर स्वतंत्र चर्चा करू.

"कुठला गट?" डिनीनं नळी काढून विचारलं. "इथे एकच बसलाय."

कळवू म्हणाले. नांगराची जागा बदलेल का, माहीत नाही. पण कागदावर आता मध्ये कोरं नाही. संध्याकाळी डिनीला विमानात घातलं. जाताना मी त्याला म्हटलं, माझ्यानंतर आमच्याकडे बोलायला मालक कोणी उरत नाही. "तू मेलीस की आम्ही सगळे बसून बघू," तो म्हणाला. "आधी मी जातोय, रांग मोडू नकोस."

६ जुलै

समुद्र उघडा झाल्यावर काल सगळ्या होड्या तिथेच. बायका एकमेकींना खडकाचं नाव घेऊन ओरडून सांगत होत्या, इकडे या, इथे लागतायत. बाजारात घ्यावं तसं घेत होत्या ते नाव. असंच असायला हवं. मी गेले नाही.

आज गेले. रेक्स म्हणाला, येतो बरोबर. म्हटलं, नको, तू बार्ज गाठ. पाणी सपाट होतं. खडकाच्या वर येऊन मोटर बंद केली. खाली सगळं दिसत होतं, गवत, पाकटाची सावली, पोपटी मासे.

आपल्या समुद्रात बऱ्याच दिवसांनी आलं की आधी हाक मारायची असते, कोण आलंय ते सांगायचं असतं, नाहीतर पाणी ओळखत नाही. इतकी वर्षं हे काम ताई करायची, मी वल्हं धरून बसायची. उभी राहिले. खडकाचं नाव घेतलं आणि मोठ्यानं म्हटलं, मी आहे, थेल्मा.

आवाज लांबपर्यंत गेला. परत आला नाही. समुद्रात येत नाहीच.

मग खडकाला ऐकू गेलं असणार हे ठाऊक असूनही आणखी एकदा हाक मारली. ती खडकाला नव्हती. नाव तेच, त्यामुळे कोणाला कळायचं कारण नाही.